वाचकांचे प्रश्न : ऑफिसात कामाचा जोर नसतो तेव्हा

प्रश्न : आमच्या चार जणांच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात काम फार नव्हतं. दिवसाकाठी पाच-सहाच प्रिंट काढल्या, तरी लेझर प्रिंटरमध्ये रोज कागद अडकला. एरवी दिवसभर प्रिंट काढूनही असं होत नाही. हे कशामुळे?

उत्तर : बहुधा कमी वापरामुळेच. कागद हवेतली ओल शोषतो. रिमच्या वेष्टनाला ओल रोखणारा थर असतो, पण रिम फोडून ट्रेमध्ये भरली की ते संरक्षण संपतं. घाईच्या दिवसांत ट्रे लवकर रिकामा होतो. शांत आठवड्यात तोच गठ्ठा कितीतरी दिवस उघडा राहतो. कडा आधी ओल धरतात, मधला भाग कोरडाच राहतो, म्हणून कडांना लाटा येतात. असे कागद एकमेकांना चिकटून दोन-तीन एकदम ओढले जातात. शिवाय टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, कागदावर पक्का करणारा फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. तिथे ओलसर कागदातलं पाणी झटकन उडून कागद वळतो आणि बाहेर पडतानाच अडकतो.

नव्या रिममधले वीस कागद घाला आणि ओळीने वीस प्रिंट काढा. सगळ्या नीट आल्या तर दोष कागदाचा होता. यापुढे ट्रेमध्ये दोन दिवस पुरतील एवढेच कागद ठेवा. उरलेली रिम वेष्टनात गुंडाळून, आडवी, जमिनीपासून वर ठेवा. जुन्या गठ्ठ्यावर नवे कागद रचू नका. दोन्ही एकत्र करून कडा सारख्या करा आणि मगच भरा. ट्रेमधल्या पट्ट्या कागदाला जेमतेम टेकलेल्या हव्यात. सैल असल्या तर कागद तिरका जातो, फार आवळल्या तर गठ्ठ्याला बाक येतो.

नवा कागदही ट्रेपाशीच अडकत असेल, तर कागद ओढणारा रबरी रोलर पाहा. कागदाची भुकटी बसून तो गुळगुळीत होतो आणि त्याची पकड जाते. प्रिंटर बंद करा, वायर काढा, अर्धा तास थंड होऊ द्या. धागे न सुटणारं कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर फिरवत पूर्ण पुसा. थिनर अजिबात नको, त्याने रबर खराब होतं. पुसूनही पकड येत नसेल तर रोलर बदलावा. तो झिजणाराच भाग आहे.

अडकलेला कागद काढताना घाई केली की खरं नुकसान होतं. टोनरचं कार्ट्रिज बाहेर काढा आणि त्यावर जाड कापड टाका, कारण त्यातला ड्रम उजेडाने खराब होतो. कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, सावकाश ओढा. फाटलाच तर तुकडे टेबलावर जुळवून पाहा. एखादा कोपरा सापडत नसेल तर तो आतच आहे. हाताला टोनर लागला तर गार पाण्यानेच धुवा.

प्रश्न : आमचा प्रिंटर इंकजेट आहे. काही दिवस वापरला नाही की रंगांत पांढऱ्या रेघा येतात.

उत्तर : शाई नोझलच्या, म्हणजे ती फवारणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी वाळते. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान छापा. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे नोझल असलेलं हेड टोपीखाली जाऊन बसतं. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर ते उघडं राहू शकतं. रेघा आल्याच तर आधी नोझल तपासणीचं पान काढा, मग प्रिंटरच्या मेनूतलं क्लीनिंग करा. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही तर रात्रभर थांबा. लागोपाठ क्लीनिंग केल्याने शाई मात्र भराभर संपते.

प्रश्न : फाइलमध्ये लावलेल्या पावत्या काही महिन्यांत कोऱ्या झाल्या. पुढच्या कशा वाचवायच्या?

उत्तर : त्या थर्मल कागदावरच्या. त्यात शाई नसते. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो, तीच अक्षरं. उजेड, ऊब, हाताचं तेल, सॅनिटायझर आणि चिकटपट्टी यांनी ती पुसट होतात. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटातही तेच होतं, कारण त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य लेपापर्यंत पोहोचतं. पावती आली त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढा किंवा स्कॅन करा, आणि मूळ पावती कागदी पाकिटात अंधारात ठेवा. गरम लॅमिनेशन करू नका, सगळी पावती काळी पडते.

प्रश्न : वीज गेल्यावर यूपीएस दोन मिनिटंही टिकत नाही. लोड तर तेवढाच आहे.

उत्तर : बॅटरी किती जुनी आहे ते आधी पाहा. लहान यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. ती साधारण ३ ते ५ वर्षं चालते, कोंदट गरम कोपऱ्यात त्याहून कमी. बदलताना व्होल्ट, अँपिअर-तास (बॅटरीची क्षमता) आणि आकार तिन्ही जुळवून घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवरच्या सॉकेटला लावला असेल तर आजच काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. फ्यूजर तापताना इतका करंट ओढतो की लहान यूपीएस तिथेच ओव्हरलोड होतो.