आठ पाऊणे सहा

मागच्या अंकात मी गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या खाडीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. बेळगावच्या भाजी मार्केटात बावीस वर्षं अडत केलेल्या माणसाला कोणी पक्ष्यांबद्दल विचारील असं वाटलं नव्हतं. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

मामा, नाताळच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं चोर्ला घाटातून गोव्याला निघालोय. बीच बघून कंटाळा आला, यंदा चोडणला होडीतून पक्षी बघायचे आहेत. सकाळी किती वाजता पोचावं? (शहापूर)

वाजले किती ते नंतर बघू. आधी तिथी सांगा.

शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केली होती का तुम्ही? आमचे मास्तर छडी टेबलावर ठेवून म्हणून घ्यायचे, ‘चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा’. ती पाऊणकी मला पन्नाशीत रायबंदरच्या धक्क्यावर कामाला आली. रात्री अकराला बेळगावहून गोव्याला आमची गाडी सुटायची. कोबी, बीन्स, ढब्बू मिरची. पहाटे माल उतरला की वसुलीपर्यंत हात रिकामे. मग मी फेरीबोटीत बसून चोडणला जायचो. तिथल्या एका होडीवाल्याने मला हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा कोकणातला जुना ठोकताळा आहे. गोव्यात भरती त्याच्या सुमारे तासभर आधी येते. भरतीपासून भरती साधारण साडेबारा तासांनी, म्हणून दिवसातून दोन खेपा, आणि रोज पाऊण-एक तास उशिरा. गणित चुकलं तरी चालेल, पण आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला फोन करून विचारा.

आता हे कशासाठी? भर भरतीला चिखल पाण्याखाली असतो, बगळे झाडावर पेंगत बसतात. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी खाली उतरतात, पण लहान पुयणीत, म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्यात, होडी शिरत नाही. तुम्हाला हवं ते मधलं पाणी, भरती उलटून दोन-तीन तास झालेलं. सकाळी सातला असं पाणी सप्तमी-अष्टमीला मिळतं. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याची चढउतार दोन मीटरच्याही वर जाते.

उधाण मी भोगलंय. एका पौर्णिमेला दुपारी दोनला मी होडीवाल्याला म्हटलं, अर्धा तास फिरवून आण. तो म्हणाला, आता नको. मीच हट्ट धरला. तीन वाजता आम्ही एका बारक्या पुयणीत चिखलावर बसलो, म्हणजे होडी बसली. उतरून ढकलावं म्हटलं तर पाय मांडीपर्यंत आत. होडीवाल्याने माझी कॉलर धरून वर ओढलं आणि एवढंच म्हणाला, “आता बस.”

साडेतीन तास बसलो. आधी अर्धा तास चिडलो होतो, मग समोरचा चिखल हलायला लागला. निवट्या! बोटाएवढे मासे, डोळे डोक्यावर बेडकासारखे, पुढच्या परांवर कोपर टेकत रांगत होते. एकजण कुशीवर लोळला, अंग ओलं करून घेतलं आणि परत रांगायला लागला. अंग ओलं असेपर्यंत त्याला कातडीतून श्वास घेता येतो. बाजूला खेकडे, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती वरखाली हलवून बोलावल्यासारखी करत होते. आणि पाच वाजता कडम् कडम् असा आवाज आला. वळून बघितलं तर तीन ऊद, आपण पाणमांजर म्हणतो ते, मुळांत बसून मासा खात होते. एवढ्या जवळून पुन्हा कधी दिसले नाहीत. अंधार पडल्यावर पाणी आलं आणि होडी सुटली. होडीवाल्याची बायको धक्क्यावर बॅटरी घेऊन उभी होती. तिने मला जे ऐकवलं ते कोकणीत होतं, पण सगळं समजलं.

तर सप्तमी-अष्टमी बघून जावा. चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ सालचं, १७८ हेक्टर म्हणजे आपल्या भाषेत साडेचारशे एकराच्या आतलं. मुलांना सांगा, होडीत ओरडायचं नाही. लाइफ जॅकेट मात्र त्यांनी कितीही कुरकुर केली तरी घालायचंच.

मामा, आमच्या देगावची म्हादई म्हणजेच पणजीची मांडवी, हे खरं ना? आणि त्या चिखलात बघण्यासारखं काय असतं? दादा म्हणतो, नुसता वास. (खानापूर तालुका, कॉलेजची विद्यार्थिनी)

होय पोरी, तीच. भीमगडच्या रानात देगावला जन्मते, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून उतरते आणि खाली मांडवी म्हणून समुद्राला मिळते. तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पण ती पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हणजे तुझ्या तालुक्यातला पाऊस एका अंगाने बंगालच्या उपसागरात आणि दुसऱ्या अंगाने अरबी समुद्रात. हे मला भूगोलाच्या पुस्तकात कुणी दाखवलं नव्हतं, घाटात गाडी बंद पडली तेव्हा कणकुंबीच्या एका म्हाताऱ्याने दाखवलं.

वास असतो, दादाचं बरोबर आहे. तो कुजलेल्या पानांचा. त्या काळ्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून तिवर या खारफुटीच्या झाडाची मुळं उलटी वर येतात, पेन्सिली रोवल्यासारखी, श्वास घ्यायला. तिवराचं पान तोडून चाट, खारट लागेल. मुळातून आलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं, उन्हात त्याचे कण चमकतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं तर आणखीच वेगळं. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि हिरवं रोप शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबत राहतं. खाली पडलं की चिखलात उभं घुसतं, नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतं. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी मनातल्या मनात भाव लावला होता, सवय हो!

पावसाळ्यात तुझ्याकडचं पाणी जोरात येतं, खाडीचं पाणी गढूळ आणि जवळजवळ गोडं होतं. उन्हाळ्यात उलट, समुद्राचा जोर वर सरकतो. भरतीची चढउतार मुखापासून सुमारे ५० किलोमीटरवर गांजेपर्यंत जाणवते. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्यातल्या तंट्यावर मी इथं लिहीत नाही. बेळगावात माझ्याही घरच्या नळाला पाणी हवं आहे. एवढंच म्हणेन, वरचं पाणी वळवण्याचं बोलताना खालचा हा चिखल एकदा बघून यावा.

कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत म्हणे. आम्ही मित्र कयाक घेऊन जायचं ठरवलालोय. धोका नाही ना? (निपाणी)

आहे. कयाकवर मगर बघायला जाऊ नका, एवढं सरळ उत्तर. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा हा कालवा. त्यात राहते ती आपली नद्या-तळ्यांतली मगर, इथं मचूळ पाण्यात जमवून घेऊन राहिलेली. हिवाळ्यात ओहोटीला, नऊ-दहाच्या उन्हात ती काठाच्या चिखलावर तापत पडते. इंजिनवाल्या मोठ्या होडीतून, लांबून, निवांत दिसते. मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालते, तेव्हा तर काठाला लागूच नका. आणि चिकन टाकून तिला बोलावतो म्हणणाऱ्या होडीवाल्याला लगेच नमस्कार करा.

तिथले लोक तिला कसं वागवतात तेही ऐका. दुर्भाटला पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ‘मानगे थापणी’ म्हणतात त्याला. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भातशेतीचा बांध हिनेच सांभाळावा, अशी श्रद्धा. कयाक चालवायचीच असेल तर चोडण-दिवाडीच्या बाजूला, जाणकार माणूस बरोबर घेऊन, चढत्या पाण्यावर. रुतलात तरी पाणी वाढत असतं, सोडवून नेतं.

दुर्बीण कुठली घ्यावी? (अनगोळ)

८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहाची हलत्या होडीत हातात ठरत नाही.

मामा, गुडघे दुखतात, गोव्याला जाणं जमत नाही. जवळपास काही आहे का? (हुक्केरी)

आहे की ओ. घटप्रभेवरचं धुपदाळ. हिवाळ्यात तिथं पाहुणे करकोचे येतात, कळपानं. खारं पाणी नाही, भरती नाही, पाऊणकी लागत नाही. नातवाला गाडी चालवायला सांगा आणि उजाडायच्या आत पोचा. कारखाने चालू आहेत, सात वाजले की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तिच्यामागे अडकलात तर करकोचे उडून गेलेले असतील.