'अब्दुल' हे पूर्ण नाव आहे का?

प्रश्न असा आहे: 'अब्दुल' या नावाचा अर्थ काय? आणि कुठे अब्दुर, कुठे अब्दुस, कुठे अब्देल असे का दिसते? ही वेगवेगळी नावे आहेत का?

नाव एकच आहे, पण 'अब्दुल' एवढ्यावर ते पुरे होत नाही. अरबीत 'अब्द' म्हणजे दास, सेवक. पुढचा 'उ' हा प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आणि 'ल्' हे 'अल्' या उपपदाचे उरलेले रूप. म्हणजे 'अब्दुल' याचा अर्थ झाला 'त्या अमक्याचा दास', आणि तो अमका कोण हे पुढच्या शब्दात येते. करीम म्हणजे उदार, गफ्फार म्हणजे क्षमा करणारा, हमीद म्हणजे स्तुत्य. ही सगळी ईश्वराची नावे. अब्दुल करीम म्हणजे त्या उदार ईश्वराचा दास. आपल्याकडच्या रामदास, हरिदास यांची घडण अशीच, फक्त तिथे दास शेवटी येतो. 'अब्दुल्ला' मात्र एकटे उभे राहू शकते, कारण त्यात 'अल्लाह' आधीच आलेला आहे. म्हणून किराणा घराण्याचे, मिरजेत राहिलेले थोर गायक अब्दुल करीम खाँ यांना नुसते 'अब्दुल' म्हटले तर नावातला मुख्य भाग गळतो. अकबराच्या दरबारातल्या अब्दुर्रहीम खानखानाने दोह्यांत 'रहीम' ही छाप घेतली, म्हणजे नावाचा उत्तरार्ध उचलला.

आता अब्दुर आणि अब्दुस. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 'सूर्याक्षरे' आहेत. त्यांच्याआधी 'अल्'मधला ल् टिकत नाही, पुढच्या व्यंजनासारखा होतो. सूर्य म्हणजे शम्स, 'अल् शम्स' लिहितात आणि 'अश्शम्स' उच्चारतात, त्यावरूनच हे नाव पडले. त्या नियमाने अब्दुल + रहमान = अब्दुर्रहमान, अब्दुल + सलाम = अब्दुस्सलाम. आपल्या संधीत तत् + लीन = तल्लीन होते, त्याच जातीचा हा बदल. 1979 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळालेले अब्दुस सलाम यांच्या नावातला 'स' असा आला. आपल्याकडे अब्दुल रहमान अंतुले लिहिण्याची रीत पडली, तीही चूक म्हणता येत नाही, अरबी लिपीत तो ल् लिहिलेला असतोच. इजिप्तमध्ये बोलीत विभक्तीचा 'उ' गळून गेला आणि 'अल्'चा 'एल' झाला, म्हणून तिकडे अब्देल. तिथले राष्ट्राध्यक्ष राहिलेले गमाल अब्देल नासर यांच्या नावात 'नासर' हे आडनावासारखे सुटे वापरतात, पण मुळात 'अब्देल नासर' ही जोडी आहे.

स्त्रीलिंगी रूप फार कमी लोकांच्या लक्षात येते. अब्दच्या जागी 'अमत', म्हणजे दासी. गांधीजींच्या सहकारी, नोआखालीत उपोषण करणाऱ्या अमतुस्सलाम यांचे नाव म्हणजे अब्दुस्सलामचेच स्त्रीरूप.

'अब्द' फक्त ईश्वराचाच, हा दंडक इस्लामनंतरचा, आणि तोही सर्वत्र पाळला गेलेला नाही. बोहरा समाजात अब्दुल हुसेन हे नाव सर्रास आढळते. इस्लामपूर्व अरबस्तानात अब्द शम्स (सूर्याचा दास), अब्दुल उज्जा (उज्जा देवीचा दास) अशी नावे होतीच. पैगंबरांच्या आजोबांचे अब्दुल मुत्तलिब हे नाव तर देवावरून नाहीच. त्यांचे मूळ नाव शैबा. चुलते मुत्तलिब यांनी त्यांना यस्रिबहून (आजचे मदिना) मक्केला आणले, तेव्हा लोकांना वाटले की सोबतचा पोरगा मुत्तलिबचा गुलाम आहे, आणि तेच नाव चिकटले, अशी परंपरागत कथा आहे. हे नाव केवळ मुसलमानांचे आहे असेही नाही: अरब ख्रिस्ती अब्दुल मसीह म्हणजे मसीहाचा दास असे नाव ठेवतात. हिब्रूतही हाच धातू आहे. मराठी बायबलमधला ओबद्या संदेष्टा म्हणजे 'याहवेचा (ईश्वराचा) सेवक'. नावाच्या घडणीने तो अब्दुल्लाचा सख्खा भाऊ आहे.

दोन गफलती मराठीत नेहमी दिसतात. पहिली 'अबुल'ची. अबुल कलाम आझाद यांच्या नावात अब्द नाही, 'अबू' आहे. अबू म्हणजे बाप, लक्षणेने 'अमुक गुण ज्याच्याकडे आहे तो'. कलाम म्हणजे वाणी. राष्ट्रपती कलाम मात्र अब्दुल. त्यांच्या वडिलांचे जैनुलाबदीन हे नाव म्हणजे जैनुल आबिदीन, 'उपासकांचे भूषण', आणि आबिद हाही त्याच अब्द धातूतला शब्द. बापलेकांच्या नावात एकच धातू दोनदा आला आहे, आणि मला ही जोडी फार आवडते.

दुसरी गफलत पानिपतची. अब्दाली या नावाचा अब्दुलशी संबंध नाही. ते टोळीचे नाव, आणि ते सहसा 'अब्दाल' या सूफी पदवीशी जोडले जाते. अब्दालचा धातू ब-द-ल, म्हणजे आपण रोज वापरतो तो 'बदल'.

मराठीत लिहिताना दोन्ही भाग सोबत ठेवावेत: अब्दुल हमीद, अब्दुर्रहमान. हाक मारताना करीमभाई, हमीदभाई अशी उत्तरार्धाने मारावी. पण एखादी व्यक्ती स्वतःच 'अब्दुल' लिहीत असेल, तर तिचे नाव तेच.