जनरेटरची चिमणी ‘नियमात’ आहे, तरी धूर घरात का येतो?

१२५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर, आवारात पत्र्याची शेड, चिमणी नियमाप्रमाणे आणि तरी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर डिझेलचा वास, त्यात वॉचमन सकाळी सातला जनरेटर चालवून बघतो... तुमची पोस्ट म्हणजे आमचंच जुनं दुखणं. सर्व्हिसिंग, फिल्टर वगैरे झालं असेलच, ते सोडतो.

मेख उंचीच्या हिशेबात आहे. चिमणीच्या उंचीचं नियमातलं सूत्र असं: जनरेटर ज्या इमारतीत, तिची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. १२५ केव्हीएला सव्वादोन मीटर होतात. पण कंत्राटदार ‘इमारत’ म्हणून ३ मीटरची शेडच धरतो. म्हणजे सव्वापाच मीटर, थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीशी. कागदावर पास! आम्ही ज्या कार्यालयात खेटे घातले, तिथल्या साहेबांनी भर दुपारी, लोड (विजेचा भार) न देता जनरेटर चालवून ‘धूर आढळला नाही’ असा शेरा मारला. त्या एका ओळीपायी दोन हिवाळे गेले.

वारा इमारतीवरून जाताना आडोशाच्या बाजूला भोवरा तयार होतो. त्यात सुटलेला धूर वर जातच नाही, भिंतीलगत घुमत राहतो. म्हणून सव्वादोन मीटर मोजायचे ते गच्चीपासून. माझं विचाराल तर लिफ्टरूम आणि पाण्याच्या टाकीच्याही वर न्या; सूत्र तेवढं मागत नाही, वारा मागतो.

चिमणीवर पत्र्याची टोपी मात्र बसवू देऊ नका. टोपीला आपटून धूर आडवा फुटतो, वर जायचा जोरच मरतो. तोंड सरळ उघडं, त्यावर धुराच्या दाबाने उघडणारी झडप, आणि पाइपच्या तळाशी पाणी काढायला ड्रेन.

गच्चीच्या वर न्यायला आहे तोच पाइप २० मीटर वाढवलात तर इंजिनावर उलटा दाब येऊन काळा धूर वाढेल. व्यास वाढवा, बेंड कमी आणि मोठ्या गोलाईचे घ्या. दाबाची मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेतूनच बघा, माझ्या भरवशावर राहू नका. २० मीटर लोखंड ३०० अंशांनी तापलं की सात सेंटिमीटर वाढतं. बेलो (ही वाढ सामावून घेणारा लवचीक जोड) नसेल तर सगळा ताण सायलेन्सरच्या जोडावर.

आणि वॉचमनची ती सकाळी सातची ‘ट्रायल’ बंद करा. थंडीत त्या वेळी जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर असतो, धूर खालीच कोंडतो. ट्रायल दुपारी घ्या, तीही निदान तीस टक्के लोड देऊन. रिकामं चालवलं की अर्धवट जळलेलं डिझेल चिमणीत साचतं आणि पुढच्या वेळी सगळं वाळत घातलेल्या कपड्यांवर येतं.