सोनं पिवळं, मग सोन्याच्या नॅनोकणांचं द्रावण लाल का दिसतं?

करामत इलेक्ट्रॉनांची आहे. सोन्यातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर मागेपुढे हलतात. कण साधारण २० नॅनोमीटरचा, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान असला, की ते सगळे एकदमच एका बाजूला सरकतात आणि मागे उरलेला धनभार त्यांना परत खेचतो. झोक्यासारखीच या हालचालीला स्वतःची लय असते. पाण्यातल्या गोल कणांत ती सुमारे ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो शोषला जातो, लाल पार होतो. हेच प्लाझ्मॉन अनुस्पंदन. चांदीत ते ४०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळ्या प्रकाशाशी होतं; तो शोषला जातो, म्हणून तिचं द्रावण पिवळं. गंमत म्हणजे, सोन्याचे कण नुसते लांबट केले तरी शोषण अवरक्तापर्यंत सरकतं. गरोदरपणाच्या चाचणीपट्टीवरची लाल रेघही बहुधा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते.