रस्सा पिण्याचा नव्हे, बुडवण्याचा

प्रश्न : मुलाकडे टोकियोला गेलो असता त्याने आम्हाला त्सुकेमेनच्या उपाहारगृहात नेले. नूडल्स गार आणि वेगळ्या, वाटीतला रस्सा वाफाळता, पण इतका खारट की दुसरा घोट घेववेना. हा दोष आचाऱ्याचा की पद्धतच तशी? आपल्याकडच्या सुक्या मासळीवर असा रस्सा साधेल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पद्धतच तशी आहे. त्सुकेमेन म्हणजे रश्श्यात बुडवून खायच्या नूडल्स. नारळाच्या रसात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, बुडवून खाणाऱ्या वेंगुर्लेकरांनी रस्सा आधी पिऊन पाहावा, याचे मात्र नवल वाटते. रामेन या जपानी सूपातल्या नूडल्स रश्श्यातच असल्यामुळे तो पिण्याजोगा पातळ ठेवतात. त्सुकेमेनमध्ये घासाला चिकटेल तेवढाच रस्सा तोंडात जातो आणि नूडल्सना राहिलेले पाणी त्यालाही सौम्य करते, म्हणून तो मुद्दाम दाट व खारट करतात. जाड नूडल्स उकडल्यावर गार पाण्यात चोळून धुतल्या की वरची खळ निघून जाते, त्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि दाताखाली घट्ट लागतात. गार नको असल्यास ‘आत्सुमोरी’ मागावे. धुतलेल्या नूडल्स पुन्हा गरम पाण्यातून काढून देतात. शेवटी उरलेल्या रश्श्यात ‘सूप-वारी’, म्हणजे साधे गरम सूप, ओतून घेतले की तो पिता येतो.

त्सुकेमेन हा प्रकार काझुओ यामागिशी या आचाऱ्याने १९५५ साली टोकियोतील नाकानो येथील ताइशोकेन या रामेनच्या दुकानात ‘मोरीसोबा’ या नावाने विक्रीस ठेवला. मूळ कल्पना दुकानातल्या कामगारांच्या जेवणातली, उरलेल्या नूडल्स रश्श्यात बुडवून खाण्याची. यामागिशींचा रस्सा आंबटगोड आणि बराच हलका होता. डुकराची हाडे तासन्‌तास खदखदवून, त्यात सुक्या मासळीचा अर्क मिसळून केलेला दाट रस्सा नंतरचा.

आता आपल्या मासळीविषयी. जपानी ‘निबोशी’ म्हणजे लहान तारलीसारखे मासे उकडून वाळवलेले असतात, तर आपला सुका बांगडा मिठात मुरलेला. त्याचा अर्क काढल्यास चवीच्या आधी मीठच उतरेल. त्यापेक्षा बिनमिठाचा जवळा किंवा सोडे घ्यावेत, कारण कोळंबीच्या चवीचे त्सुकेमेन जपानातही मिळते. ते थंड पाण्यात भिजवून मंद आचेवर उकळावेत. दाटपणासाठी कोंबडीचे पाय आणि पंख पुरेसे वेळ शिजवावेत. त्यांतला चिकटपणा रश्श्याला अंग देतो. सोया सॉस अखेरीस, चाखत घालावा. आंबटपणासाठी कोकमाचे आगळ वापरण्यास आमची हरकत नाही, मात्र आगळात आधीच मीठ असते.