लीपनंतरचा गोंधळ आणि कोणाला काय ठाऊक आहे याचा हिशोब

या मंचावर खारघरच्या सदस्यांनी विचारले आहे की, आईसोबत रोज पाहत असलेल्या मालिकेने एकाएकी सहा वर्षांचा लीप घेतला, म्हणजे गोष्ट एकदम सहा वर्षे पुढे गेली, नायिका नाव बदलून परगावी राहू लागली, आपल्याला मुलगी आहे हे नायकाला ठाऊक नाही आणि ज्यांना ते ठाऊक आहे ती घरातली चारही माणसे विनाकारण गप्प बसली आहेत. अशा वेळी वाहिनीला लिहून काही उपयोग होतो का, की रोजच्या मालिकेकडून एवढीच अपेक्षा ठेवायची? मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहते आणि आमच्या घराने हा सगळा मनस्ताप भोगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी या व्यवसायातली नाही. जे लिहिते ते एका जुन्या प्रेक्षकाचे मत आहे आणि मालिकांच्या सेटवर दिग्दर्शनात साहाय्यक म्हणून काम केलेल्या आमच्या एका शेजाऱ्यांकडून जे कळले त्याची त्याला जोड आहे. दुसऱ्या निर्मितीसंस्थेत याहून वेगळी पद्धत असू शकेल.

लीप घेतला म्हणून मालिका बिघडली, असे मला वाटत नाही. मालिका लांबली म्हणून बिघडली, असेही नाही. ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली, तिचे 3000 हून अधिक भाग झाले, आणि कितीतरी घरांत ती अखेरपर्यंत पाहिली गेली. ‘रात्रीस खेळ चाले’ची सुरुवात 2016 मध्ये अण्णांच्या मृत्यूने झाली आणि 2019 मधल्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली, अण्णांचे पुढे काय होणार हे पहिले पर्व पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते, तरी लोक रात्री जागून ते पर्व पाहत होते. शेवट ठाऊक असला तरी पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. पात्राला काय ठाऊक आहे हे लिहिणारेच विसरले, की मात्र बसलेली माणसे उठून जातात.

तुमच्या मालिकेतली चार माणसे गप्प आहेत, यात मला काही गैर वाटत नाही. घरोघरी माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात, पण त्यांच्या गप्प राहण्याला भीती, उपकार, इस्टेट, दिलेला शब्द असे काहीतरी कारण असते, आणि ते कारण त्यांच्या वागण्यात रोज कुठेतरी दिसते. मालिकेत होते ते असे: नायिका हातात रिपोर्ट घेऊन ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ म्हणते, तेवढ्यात दाराची बेल वाजते, तीन चेहरे प्रत्येकी तीनदा जवळून दाखवले जातात आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी ती रिपोर्ट कपाटात ठेवून पोळ्या लाटते आणि काल काय सांगायचे होते हे तिला कोणी विचारत नाही. असे रहस्य केवळ बेल वाजल्यामुळे टिकलेले असते, आणि बेलवर टिकवलेले रहस्य महिनाभराहून जास्त ताणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कसे घडते तेही सांगते, कारण लेखकांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांसमोर बहुधा वेगवेगळी नावे असतात. कथा ठरवणारा महिन्याचा ट्रॅक, म्हणजे महिनाभरात गोष्ट कुठे न्यायची ते ठरवतो, पटकथाकार त्याचे प्रसंग पाडतो, संवादलेखक त्या प्रसंगांना बोली देतो, आणि या तिघांच्या वर वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी असतात, ज्यांच्या हातात दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. अर्ध्या तासाच्या भागात गोष्टीसाठी जेमतेम बावीस मिनिटे मिळतात आणि आठवड्याला असे सहा, कधी सात भाग लागतात. आगाऊ चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की संवादांचे कागद सेटवर येतात तेव्हा कलाकार मेकअपला बसलेले असतात. शेजाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट तर मी कधीच विसरणार नाही. गायमुख घाटात वाहतूक तुंबली आणि काकांची भूमिका करणारे कलाकार ओवळ्याच्या सेटवर वेळेत पोहोचू शकले नाहीत, म्हणून दारामागून बोलणे ऐकण्याचा काकांचा प्रसंग धाकट्या जावेला देण्यात आला. त्या दिवसाचे चित्रीकरण पार पडले, पण पुढच्या पंधरा दिवसांची पटकथा काकांना सगळे ठाऊक आहे असे धरून आधीच लिहिलेली होती. पडद्यावर ज्या काकांनी काहीच ऐकले नव्हते ते धमक्या देऊ लागले आणि जिने सगळे ऐकले होते ती जाऊ महिन्याभरानंतर तेच ऐकून पुन्हा चकित झाली. याला आळस म्हणता येणार नाही. कोणाला काय ठाऊक झाले हे टिपून ठेवणे, हे एकच काम असलेला माणूस तिथे नव्हता.

हे काम आमच्या घरी माझी आई करत असे. तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती, पेन्सिलीने रकाने आखलेली: पात्राचे नाव, काय कळले, कोणाकडून कळले आणि भागाची तारीख. ‘मोठी सून, दागिने गहाण, वन्सकडून’ अशा तिच्या नोंदी असत. त्या वहीवरून कोणत्याही दिवशी कोण कोणाशी खोटे बोलू शकते आणि कोण नाही, हे ती सांगू शकत असे. तेव्हा ती पाहत असलेल्या मालिकेत लीप झाला आणि देवघरातल्या पितळी डब्यात नायिकेने स्वतःच्या हाताने ठेवलेले मृत्युपत्र तिलाच ‘अचानक सापडले’, तेव्हा आईने वाहिनीला पत्र लिहायचे ठरवले. प्रेक्षकांच्या तक्रारी पाहणाऱ्या कार्यालयाकडून तत्काळ पोच आली, तक्रार क्रमांक मिळाला आणि पुढे कळवण्यात आले की, तक्रारीत कार्यक्रम संहितेचा, म्हणजे टीव्हीवर काय दाखवू नये याच्या नियमांचा, भंग दिसत नाही, तरी कथेविषयीची मते वाहिनीच्या समाजमाध्यमांच्या पानावर नोंदवावीत. त्या पानावरून उत्तर आले की, तक्रारींसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा. हे चक्र बराच काळ चालल्यावर कार्यालयातल्या एका गृहस्थांनी फोनवर फार आपुलकीने सांगितले की, वही मूळ स्वरूपातच पाठवा, लेखकांच्या टीमला दाखवून परत करतो. आम्ही ती पाठवली. ती परत आली नाही. पुढे फोन केल्यावर अशी कोणतीही वस्तू आवक नोंदीत नसल्याचे सांगण्यात आले, त्या गृहस्थांची बदली झाल्याचे सांगण्यात आले आणि शेवटी तक्रार ‘निकाली’ असल्याचे सांगण्यात आले. आईने पुन्हा वही केली नाही. एका प्रेक्षकाने इतक्या प्रेमाने केलेले काम कोणी उघडून तरी पाहिले असेल का, हा प्रश्न मला आजही छळतो, आणि त्या कार्यालयाला मी माफ केलेले नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, तक्रार निवारणाची ती खिडकी पटकथेसाठी नाहीच. 2021 च्या सुधारित केबल नियमांनुसार वाहिनीने तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यायचा असतो, आणि निर्णय मान्य नसल्यास पुढच्या 15 दिवसांत वाहिन्यांच्याच स्वनियमन संस्थेकडे अपील करता येते. पण ही सगळी व्यवस्था संहितेच्या भंगापुरती आहे. तुमच्या मालिकेत भानामतीने आजार बरा होताना दाखवला असेल, किंवा लहान मुलीवरचा अत्याचार रंगवून दाखवला असेल, तर तिथे अवश्य लिहा आणि 15 दिवस मोजा. पात्रे मूर्खासारखी वागतात, ही तक्रार तिथे चालणार नाही. कोणी मागितले तरी मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

पटकथेबद्दल लिहायचे असेल तर लेखकाचे नाव श्रेयनामावलीत पाहून त्यांच्या सार्वजनिक पानावर लिहावे, असे मला वाटते. ‘मालिका बोअर झाली’ असे लिहू नका. अमुक तारखेच्या भागात आत्याने हे ऐकले होते, मग आज तिला ते नवे कसे, एवढाच एक प्रश्न नम्रपणे विचारा. अशा प्रश्नांना लेखक उत्तर देतात असा आमचा अनुभव आहे, मात्र प्रत्येक वेळी देतील याची खात्री मी देणार नाही.

‘पाहणे बंद करा, टीआरपी पडली की सुधारतील’ असा सल्ला येथे आधीच कोणीतरी दिला आहे. तो तितकासा खरा नाही. निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून हे आकडे काढले जातात. तुमच्या घरी मीटर नसेल तर तुम्ही टीव्ही बंद केल्याचे गुरुवारच्या आकड्यांत कुठेही दिसणार नाही.

मालिका दुसऱ्या भाषेवरून घेतली आहे का, हेही पाहून ठेवा. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, मूळ मालिका डिसेंबर 2021 मध्ये संपली आणि मराठी मालिका नोव्हेंबर 2024 पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे मराठी लेखकांसमोर तयार सांगाडा नव्हता. ज्यांनी ती सलग पाहिली त्यांनी तो सांधा कुठे जाणवतो ते आठवून पाहावे. मला तो जाणवला. तुमच्या मालिकेचे मूळ संपत आले असेल, तर हा लीप कदाचित त्यासाठीही असेल.

आता आईसोबत पाहायचे की सोडायचे? लीपनंतर दोन आठवडे थांबा. त्या चौघांपैकी एकाच्या तरी तोंडून, एकट्याने असो वा भांडणात, गप्प राहण्याचे खरे कारण आले तर लेखकांच्या हाती धागा आहे असे समजा आणि पाहत राहा. कारण आले नाही आणि पाचवे माणूसही दारामागून ऐकून गप्प बसले, तर रोजचे भाग सोडून द्या आणि आईला मालिका आवडतच असेल तर वाहिनीच्या ॲपवर शनिवारचा तेवढा भाग लावून द्या. पुढची गोष्ट कळायला तो पुरतो.