युक्रेनियनमधले घराचे शब्द पाठ आहेत पण बोलताना अडतं: माझं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. पोलंडमधे राहताय, शेजारी युक्रेनियन कुटुंब आहे, ॲपवरून घरातल्या सामानाची भलीमोठी यादी पाठ केलीत आणि शेजारच्या काकू बोलायला लागल्या की त्यातला एकही शब्द ओळखू येत नाही. तुमच्या पाठांतरात काही खोट नाहीये, यादीतच खोट आहे, कारण त्यात सगळे शब्द प्रथमेत आहेत आणि घरात प्रथमेत कोणी बोलत नाही. टेबल म्हणजे स्तील, पण किल्ली कुठंय विचारलं तर उत्तर येतं 'ना स्तोली'. घर म्हणजे दीम, पण घराचा, घरातून म्हटलं की दोमू. शेवटी प्रत्यय लागून अक्षर मोकळं झालं, म्हणजे स्वराने संपलं, की अशा बऱ्याच शब्दांत आतल्या 'ई'चा 'ओ' होतो (चुलीसाठी पीच आहे, तिथे 'ए' होतो, पेची).

आता हे इंग्रजीतून शिकलात तर डोकं धरून बसाल, पण मराठी माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे? आपण विहीर म्हणतो आणि विहिरीत म्हणतो, मूल म्हणतो आणि मुलाला म्हणतो, सामान्यरूप लहानपणापासून तोंडात आहे. अगदी व्यंजन बदलतं तेसुद्धा आपल्याकडे आहेच की, मासा पण माशाला, म्हैस पण म्हशीला. तिकडे फरशी म्हणजे पिद्लोहा, फरशीवर म्हणजे ना पिद्लोज़ी. मजला म्हणजे पोवेर्ख, मजल्यावर म्हणजे ना पोवेर्सी. म्हणून माझा आग्रह एकच, प्रत्येक शब्द जागेसकट पाठ करा. घरात चिठ्ठ्या चिकटवत असाल तर फ्रीजवर नुसतं फ्रीज लिहू नका, 'फ्रीजमधे' लिहा. कपाटावर 'उ शाफी' (कपाटात), खिडकीपाशी 'बिल्या विक्ना', पलंगाखाली 'पिद लीझ्कोम'. या तिन्हींत विभक्ती वेगवेगळ्या आहेत आणि तक्ता न घोकता त्या आपोआप बसतात. खोलीत म्हणजे उ किम्नाती पण स्वयंपाकघरात म्हणजे ना कूख्नी, तिथे 'उ' (आत) सोडून 'ना' (वर) का असं विचारत बसू नका, तसंच म्हणतात.

लिंगं तीनच आहेत आणि शेवटावरून बहुतेक वेळा कळतात. व्यंजनाने संपला तर तो, आ ने संपला तर ती, ओ ने संपला तर ते. तो स्तील, ती शाफा, ते विक्नो. फक्त इथे एक सांभाळा, आपल्याकडे आकारान्त म्हटलं की दरवाजा, पंखा असे पुल्लिंगी डोळ्यासमोर येतात त्यामुळे तोंडात पटकन 'तो शाफा' येतं. नवा-नवी-नवं बघा, नोवी स्तील, नोवा शाफा, नोवे लीझ्को. म्हणजे तिकडचं 'नोवा' स्त्रीलिंगी आहे. आणि दार हे द्वेरी, ते कायम अनेकवचनी, एकच दार असलं तरी. जिने (स्खोदी) आणि फर्निचर (मेब्ली) तसेच.

जिथे मराठी मदत करत नाही तेही सांगतो. 'घरी आहे' आणि 'घरी जातो' यात आपण एकच 'घरी' वापरतो, त्यांचे दोन शब्द आहेत. घरी आहे तर व्दोमा, घरी निघालो तर दोदोमू. तसंच स्वयंपाकघरात आहे तर ना कूख्नी, स्वयंपाकघरात जातोय तर ना कूख्न्यू. हा फरक रोज मोठ्याने म्हणून पक्का करावा लागतो, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

उच्चाराचं टेन्शन अजिबात घेऊ नका. आरशाला ज़ेर्कालो म्हणतात, त्यातला ज हा जाळ्यातला, जीवातला नव्हे. खुर्ची म्हणजे स्तिलेत्स, शेवटी चमच्यातला च आहे. पिद्लोहातला ह तर सरळ आपला ह.

वाचायला काय घ्यावं विचारलंत, तर भाड्याच्या घरांच्या जाहिराती वाचा, याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही. मात्र त्यांचा हिशोब समजून घ्या. ओद्नोकिम्नात्ना म्हणजे एक खोली आणि शिवाय किचन, किचन खोल्यांत मोजत नाहीत, म्हणजे आपला वन आरके. द्वोकिम्नात्ना म्हणजे साधारण वन बीएचके. 3/5 असं दिसलं तर पाच मजली इमारतीत तिसरा मजला, पण तळमजला हाच त्यांचा पहिला, त्यामुळे आपल्या भाषेत तो दुसरा. पाच मजली म्हटली की बहुतेकदा ख्रुश्चोव्का निघते, 1950 च्या दशकाच्या शेवटापासून बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या, छोट्याशा किचनच्या इमारती. सानवुज़ोल रोज़दील्नी म्हणजे संडास-बाथरूम वेगळं. आणि ओपालेन्न्या म्हणजे हीटिंग, हा शब्द हिवाळ्याआधी आलाच पाहिजे.

व्हिडिओंमधल्या याद्या जपून वापरा, त्यात रशियन शब्द मिसळलेले असतात. श्काफ, अक्नो, क्रवात दिसलं की समजा ते रशियन आहे, युक्रेनियन शाफा, विक्नो, लीझ्को. युक्रेनमधल्या खार्किवला मेडिकलला गेलेल्या आपल्या मुलांकडून शिकत असाल तरी हेच, तिथे कानावर रशियन खूप पडायचं. होस्टेलसाठीचा हुर्तोझितोक मात्र त्यांना बरोब्बर माहीत असेल.

खाताबद्दल विचारलं होतंत. ते गावाकडचं घर, मातीने लिंपलेलं, चुन्याने पांढरं केलेलं, वर गवताचं छप्पर आणि आत मोठी पीच. मातीच्या जमिनीला दोलिव्का म्हणतात आणि ती सारवायचे, तेव्हा सारवण हा प्रकार तुम्हाला समजावून सांगावा लागणार नाही. कीवच्या दक्षिणेला पिरोहिवमधे अशी जुनी घरं ठेवलेलं उघड्यावरचं संग्रहालय आहे, 1976 मधे सुरू झालेलं, त्याचे फोटो बघत शब्द शिका. बोलीत फ्लॅटलाही खाता म्हणतात.

शेवटचं, काकूंशी बोलताना. 2022 पासून घराच्या काही साध्या शब्दांना तिकडे वेगळं वजन आलंय. कोरिदोर म्हणजे पॅसेज, पण हल्ला होताना शेल्टरला पोचता आलं नाही तर लोक तिथेच बसतात, बाहेर आणि आपल्यात दोन भिंती हव्यात म्हणून, त्याला प्राविलो द्वोख स्तीन म्हणतात. 'स्वीत्ला नेमाये' म्हणजे लाईट गेलेत. तेव्हा तुमचं घर कसं होतं हा प्रश्न सरावासाठी विचारू नका, त्या स्वतः सांगायला लागल्या तर ऐका. सुरुवात तुमच्या घरापासून करा, त्यांना चहाला बोलवा, ही आमची कूख्न्या, इथे चायनिक (किटली), तिथे बाल्कोन, आणि चुकलं की त्या दुरुस्त करतीलच.